गुरुजींच्या वहीत मला चार ओळी लिहिता येईनात

गोदातीर (धागाकर्ता)

फेब्रुवारीच्या सुरुवातीला वडील गेले. अस्थी घेऊन रामकुंडावर गेलो. आम्ही सत्तावीस वर्षं नाशिकमध्येच राहतो, इंदिरानगरला. पण मूळ गाव संगमनेर तालुक्यातलं, आणि आमच्या घराण्याचे तीर्थोपाध्याय कोण हे मला ठाऊक नव्हतं. ते सगळं वडीलच बघायचे. घाटावर विचारलं तर पहिला प्रश्न आला, "गाव कोणतं? आडनाव?" दोन ठिकाणी विचारून तिसऱ्या घरी आमच्या गावच्या वह्या निघाल्या.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. नाशिक-त्र्यंबकच्या पुरोहितांकडे गावागावांच्या, घराण्यांच्या नामावळ्या असतात. कोण कोणाचा मुलगा, कोण कधी आलं, कशासाठी आलं. आणि आलेल्या माणसाने स्वतःच्या हाताने नोंद लिहून खाली सही करायची. अशा पिढ्यान्‌पिढ्या.

विधी आटोपल्यावर गुरुजींनी लाल कापडात बांधलेली लांबट वही आणली. पणजोबांची नोंद मोडीत होती, मला एक अक्षर लागेना. गुरुजींनी ती गद्य वाचावं तशी सरळ वाचून दाखवली. खाली आजोबांची, शके १८७८ ची, म्हणजे १९५६ च्या सिंहस्थातली. टाकाने लिहिलेली, जाड-बारीक वळणाची. मग पान उलटलं आणि वडिलांचं अक्षर समोर आलं. १९८० च्या सिंहस्थात आजीला स्नानाला घेऊन आले होते, तेव्हाचं. निळा बॉलपेन. वडील तेव्हा माझ्या आताच्या वयापेक्षा वीस वर्षांनी लहान. तरी 'ळ' तोच. पहिला गोल घट्ट, दुसरा सैल सोडलेला. शेवटपर्यंत दुधाच्या हिशोबातसुद्धा ते 'ळ' असाच काढायचे.

त्या नोंदीत एक खाडाखोड आहे. आधी 'मातोश्रींस घेऊन' असं लिहिलंय. मग 'मातोश्रींस' वर एकच आडवी रेघ मारलीय आणि पुढे लिहिलंय 'आईला'.

मी त्या रेघेकडे किती वेळ बघत होतो कोणास ठाऊक. गुरुजींनी घाई केली नाही. बापाने पंचेचाळीस वर्षांपूर्वी काय लिहिलं ते मला दिसत होतंच. पण लिहिता लिहिता त्यांचं मन कुठे वळलं, तेही दिसत होतं. टाइप केलेल्या ओळीत ही रेघ मला कधीच सापडली नसती. 'मातोश्री' पुसलं गेलं असतं आणि 'आई' तेवढं उरलं असतं.

मग गुरुजींनी पेन पुढे केलं. "आता तुम्ही लिहा."

आणि मला लिहिता येईना. मी अंबडला एका कारखान्यात खरेदी विभागात आहे. दिवसभर कीबोर्ड. हाताने करतो ती फक्त सही. आडनाव कसंबसं उमटलं. 'कैलासवासी' लिहिताना 'कै' वर हात थांबला. मात्रा दोन हे माहीत होतं, पण हाताला ते माहीत नव्हतं. जोडाक्षर फुटलं. ओळ उजवीकडे खाली उतरत गेली. दुसऱ्या ओळीपर्यंत अंगठ्याच्या मुळाशी कळ आली. चार ओळींना दहा मिनिटं लागली आणि अक्षर तिसरीतल्या मुलाचं.

ती वही आता तशीच राहणार. माझी मुलगी उद्या कधी तिथे गेली तर आजोबांच्या खाली माझं ते अक्षर तिला दिसेल. याचं मला मनापासून वाईट वाटतंय. सुंदर अक्षर नाही याचं नाही. वडिलांबद्दलच्या चार ओळी लिहिताना माझं सगळं लक्ष वडिलांवर असायला हवं होतं, ते मात्रेत आणि कळ आलेल्या अंगठ्यात अडकलं, याचं.

घरी आलो. स्वयंपाकघरात भिंतीवर कालनिर्णय. २० जानेवारीच्या चौकटीत वडिलांच्या हातचं: 'सिलिंडर लावला. मागचा ४८ दिवस.'

मला पुन्हा लिहायला शिकायचंय. वय ५३. कोणी केलंय का असं? वही कोणती, पेन कोणतं, रोज किती, काय लिहायचं? जे ठाऊक असेल ते सांगा.

निळीशाई

वडिलांबद्दल वाचून वाईट वाटलं. तुमच्या प्रश्नाचं आधी सरळ उत्तर देतो, कारण यात मी बरीच वर्षं घालवली आहेत.

अंगठ्याची कळ बॉलपेनमुळे. बॉलपेनची शाई तेलकट आणि घट्ट असते, गोळी फिरायला दाब द्यावा लागतो. सवय गेलेला हात जरुरीपेक्षा जास्त दाबतो. शाईपेनाला दाब लागत नाही. निब कागदावर नुसती टेकली की शाई उतरते. म्हणून सराव शाईपेनाने करा. महागडं नको. मेन रोडला कुठल्याही जुन्या स्टेशनरीच्या दुकानात दोनशेच्या आत चालू पेन मिळतं. निब मध्यम घ्या, फार बारीक नको. बारीक निब खरखरते आणि नव्या हाताला नाउमेद करते.

कागदाकडे लक्ष द्या. साध्या वहीचा कागद पातळ असतो, शाई फुटते, मागे उमटते. ७० जीएसएमच्या (कागदाच्या वजनाचं माप) वरचा बघा. आणि दुरेघी वही घ्या, एकेरी नको. लाजू नका, दुकानदाराला सरळ दुरेघी मागा. आकार सांभाळायला वर-खाली दोन्ही रेघा लागतात.

एक मात्र ध्यानात ठेवा. शाईपेनाची निळी शाई पाण्यात विरघळते आणि उन्हात उडते. पिढ्यान्‌पिढ्या टिकवायचं असेल तिथे ती वापरू नका. पूर्वीची काजळी आणि डिंकाची शाई उन्हाला दाद द्यायची नाही, काजळी म्हणजे शेवटी कार्बन. पण तीही पाण्याने पसरते. गुरुजींनी तुम्हाला बॉलपेन दिलं ते योग्यच केलं. दर काही वर्षांनी पुरात गोदामाई रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीच्या अंगावर चढते. घाटाजवळच्या घरातल्या वह्यांना पाण्याचं भय कायमचं.

फळ्यासमोर

शिक्षिका आहे, माध्यमिकला मराठी शिकवते. धागा वर्गात वाचून दाखवावा असा आहे.

हात विसरतो हे आम्ही डोळ्यांनी पाहिलंय. कोरोनात मुलं दोन वर्षं पडद्यासमोर होती. २०२२ च्या दहावी-बारावीला मंडळाने ७० ते १०० गुणांच्या पेपरला अर्धा तास आणि ४० ते ६० गुणांच्या पेपरला पंधरा मिनिटं वाढवून दिली होती, ती मुलांचा लिहिण्याचा सराव सुटला म्हणूनच. तेव्हा मी पर्यवेक्षणाला होते. मुलांना उत्तर येत होतं. तोंडी विचारलं असतं तर घडाघडा सांगितलं असतं. पण तासाभरात पेन खाली ठेवून बोटं चोळत बसायची. तुमच्या 'कै'पाशी जे झालं ते मी पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांचं झालेलं पाहिलंय. तेव्हा वयाचं मनावर घेऊ नका.

आता एक गंमत वाटेल अशी गोष्ट, पण मला ती फार मोलाची वाटते. 'कि' लिहून बघा. फोनवर आपण आधी 'क' दाबतो, मग वेलांटी. हाताने लिहिताना आपण बहुतेक जण वेलांटीचा दांडा आधी काढतो, मग 'क'. म्हणजे उच्चारात जे नंतर येतं ते कागदावर आधी येतं. पेन टेकण्याआधी अख्खं अक्षर मनात तयार असावं लागतं. आणि मन एकदा अक्षर तयार करू लागलं की पुढे शब्द, मग वाक्य. मुलं रोमन अक्षरांत मराठी टाइप करतात तेव्हा वेलांटी पहिली की दुसरी हा प्रश्नच पडत नाही. फोन सुचवतो, ते बोट लावतात. निबंधात मग 'दिवस' ची पहिली वेलांटी दुसरी होते. चूक समजावली तरी ती हातात उतरत नाही, कारण हाताने ती निवड कधी केलेलीच नसते.

सराव म्हणाल तर कित्ता गिरवू नका, कंटाळा येईल. आधी आठवडाभर फक्त उभे दांडे, गोल आणि शिरोरेषा. शिरोरेषा शब्द पूर्ण झाल्यावर एका दमात ओढा, अक्षरागणिक तोडू नका. तुमची ओळ खाली उतरते कारण मनगट एका जागी रोवलेलं असतं आणि बोटंच पुढे जातात. कोपरापासून हात सरकू द्या. वही जराशी तिरकी ठेवा. दहा मिनिटं रोज, पण रोज.

निफाडचा बागाईतदार

रामराम. सध्या द्राक्षबागेचा माल उतरवणं चालू आहे, त्यामुळे दोन दिवस उशिरा वाचलं. वडिलांना नमस्कार.

आमच्याकडं वही हे औजार आहे. गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, झाली की पहिला दिवस. तिथून पुढं रोजचं पान. आज कितवा दिवस, काय फवारलं, टाकीला प्रमाण किती, किती वाजता, वारं होतं का, रात्री दव पडलं का. निर्यातीचा माल असला की ग्रेपनेटला, म्हणजे निर्यातीच्या द्राक्षांच्या सरकारी ऑनलाइन नोंदणीत, प्लॉट नोंदवलेला असतो आणि फवारणीची नोंद दाखवावीच लागते. आता मुलगा ते सगळं मोबाइलच्या ॲपवर भरतो, चांगलं भरतो, माझी तक्रार नाही. तरी मी वही सोडली नाही.

कारण सांगतो. ॲप विचारतं तेवढंच आपण भरतो. औषध, प्रमाण, तारीख. वहीत मी रकान्याच्या बाहेर लिहितो. 'खालच्या आळीत पानामागं पांढरं दिसलं, डाऊनी वाटते.' (डाऊनी म्हणजे वेलीवरचा बुरशीसारखा रोग.) 'शेजाऱ्याने परवा फवारलं.' 'आज हिची तब्येत बरी नाही, लवकर घरी.' पुढच्या वर्षी त्याच दिवसाला मागचं पान उघडलं की त्या बाहेरच्या ओळींतूनच बाग कळते.

२०१९ ची वही माझ्याजवळ आहे. ऑक्टोबर सरता सरता पाऊस लागला तो थांबेना. कोणाची बाग पोंग्यात, म्हणजे नुकती फुटलेली, कोणाची फुलोऱ्यात. त्या पानांवर पहिल्या दिवशी अक्षर नीट आहे. 'पाऊस. सकाळी फवारणी धुऊन गेली.' तिसऱ्या दिवशी आडवंतिडवं. पाचव्या दिवशी नुसतं 'पाऊस'. त्याच्या पुढचं पान कोरं. तारीख टाकलीय, खाली काही नाही. मुलगा मागं एकदा म्हणाला, आबा, त्या दिवसाची नोंद राहिली. मी म्हटलं राहिली नाही, तीच नोंद आहे.

पेनाचं म्हणाल तर बागेत शिसपेन्सिल बरी. पहाटे पान-कागद सगळं ओलसर असतं, त्यावर पेन चालत नाही. पेन्सिल चालते, आणि वही भिजली तरी अक्षर पसरत नाही.

मनवा

धागा वाचताना दोनदा थांबले. 'मातोश्रींस' वरची रेघ डोळ्यांसमोरून जात नाही.

मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. यावर जे संशोधन झालंय त्यात मला रस आहे, म्हणून थोडं लिहिते. २०१४ मध्ये अमेरिकेत प्रिन्स्टन आणि लॉस एंजलिसच्या दोन अभ्यासकांनी विद्यार्थ्यांना व्याख्यानं ऐकवली. काहींनी लॅपटॉपवर टिपणं घेतली, काहींनी हाताने. लॅपटॉपवाल्यांची टिपणं लांब होती, पण व्याख्यात्याचे शब्द जसेच्या तसे. हाताने लिहिणाऱ्यांना तेवढा वेग नसतो, त्यामुळे ऐकता ऐकता काय घ्यायचं आणि काय सोडायचं हे ठरवावं लागतं. समजुतीवर आधारित प्रश्नांत हातवाले सरस ठरले. मात्र २०१९ मध्ये दुसऱ्या अभ्यासकांनी तोच प्रयोग पुन्हा केला तेव्हा फरक इतका ठळक आला नाही. हेही सांगायला हवं, कारण फॉरवर्डमध्ये फक्त पहिला भाग फिरतो.

नॉर्वेत ट्रॉन्डहाइमच्या विद्यापीठाचा २०२४ चा अभ्यास आहे. ३६ विद्यार्थी, डोक्यावर २५६ इलेक्ट्रोड बसवलेली टोपी. समोर शब्द येतो, तो कधी हाताने लिहायचा, कधी टाइप करायचा. हाताने लिहिताना मेंदूच्या वेगवेगळ्या भागांतला संपर्क कितीतरी जास्त पसरलेला दिसला. यातही एक बारकावा आहे. विद्यार्थी कागदावर लिहीत नव्हते, डिजिटल पेनाने पडद्यावर लिहीत होते. आणि टाइप करताना एकच बोट वापरायला सांगितलं होतं. म्हणजे गुण कागदाचा की हाताच्या वळणाचा, तर या प्रयोगापुरता हाताच्या वळणाचा. ज्यांच्याकडे टॅब्लेट आणि पेन आहे त्यांनी त्यावर लिहिलं तरी हात चालतोच.

मी स्वतः मात्र कागदाकडे परत आले. कोड लिहिण्याआधी वहीत चौकटी आणि बाण काढते. पडद्यावर काढलेलं इतकं नेटकं दिसतं की अर्धवट विचारही पूर्ण झाल्यासारखा वाटतो.

डावखुरा

मला विरोधी लिहायचंय. रागावू नका, गोदातीर, तुमच्या दुःखाबद्दल पूर्ण आदर ठेवून लिहितो.

मी डावखुरा. शाळेत पहिली दोन वर्षं डावा हात मागे बांधून उजव्याने लिहायला लावलं. पट्टी खाल्ली ती बोटांच्या पेरांवर. अक्षर शेवटपर्यंत आलं नाही. वहीवर लाल शाईत 'अक्षर सुधारा', दर आठवड्याला. मला गणित यायचं, कविता पाठ व्हायच्या, गोष्टी सुचायच्या. पण माझ्या वहीकडे बघून ते कोणाला खरं वाटायचं नाही. मराठीत मी पहिल्यांदा मोकळेपणाने लिहिलं ते वयाच्या एकतिसाव्या वर्षी, संगणकावर, युनिकोड आल्यानंतर. त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की माझी वाक्यं चांगली असतात.

म्हणून 'हाताने लिहिलं तरच विचार होतो' असं कोणी म्हटलं की मला ते सोसत नाही. माझा एक मित्र पूर्ण अंध आहे, तो ब्रेलमध्ये वाचतो आणि कीबोर्डवर लिहितो. आमच्या ओळखीतल्या एका मुलीला लेखन-अक्षमता आहे, ती परीक्षेला लेखनिक घेते. यांचा विचार कमी प्रतीचा का? वळणदार अक्षर म्हणजे संस्कार ही समजूत ज्या मुलांच्या हातून वळण निघत नाही त्यांना फार महागात पडते.

गोदातीर (धागाकर्ता)

डावखुरा, रागावण्यासारखं काहीच नाही. तुम्ही लिहिलंत म्हणून मला माझंच म्हणणं नीट सांगावं लागेल, आणि ते बरं झालं. लिहिण्यासाठी कोणाचा हात बांधायचा, हा अन्यायच. माझी हळहळ वळणाबद्दल नव्हतीच. वडिलांचं अक्षर काही सुंदर नव्हतं. पण ते त्यांचं होतं, आणि त्यात त्यांची खाडाखोड होती. तुम्ही डाव्या हाताने जसं लिहाल तसं तुमच्या घरच्या वहीत राहिलं असतं तर तुमच्या मुलांना ते हजार अक्षरांतून ओळखू आलं असतं. ती संधी तुमच्याकडून काढून घेतली गेली, असं मला वाचताना वाटलं.

डावखुरा

हे मान्य. माझ्या मुलीकडे माझ्या हातचं काहीही नाही, हे खरं आहे. त्याचा विचार मी केला नव्हता. पण शाळेबद्दलचं माझं मत तेच राहील.

फळ्यासमोर

ते मत राहूच द्या. माझ्या वर्गात आज दोन डावखुरी मुलं आहेत. त्यांना बाकाच्या डाव्या टोकाला बसवते, म्हणजे शेजाऱ्याच्या कोपराला कोपर लागत नाही. वही उजव्यांच्या उलट बाजूला कलती ठेवायला सांगते, म्हणजे ओल्या शाईवरून हात फिरत नाही. एवढं सोपं आहे ते. तुमच्या वेळी कोणी एवढंही केलं नाही.

सिडकोतला केमिस्ट

हाताने लिहिलेल्या कागदाची दुसरी बाजू रोज माझ्या काउंटरवर येते. औषधाची चिठ्ठी. एका अक्षराच्या फरकाने औषध बदलतं. म्हणून २०१६ मध्ये वैद्यक परिषदेने नियम केला की औषधाचं जेनेरिक नाव सुवाच्य आणि शक्यतो मोठ्या रोमन अक्षरांत लिहावं. तरी संशय येतो आणि मी दवाखान्यात फोन लावतो. छापील चिठ्ठी आली की मला हायसं वाटतं. जिथे दुसऱ्याला चुकून चालत नाही तिथे छापील बरं, असं माझं प्रामाणिक मत. बाकी धाग्याशी सहमत.

जेलरोडकर

मी सिक्युरिटी प्रेसमधून निवृत्त. नाशिकरोडला टपाल तिकिटं छापायला १९२६ मध्ये सुरुवात झाली, त्याआधी ती लंडनहून छापून यायची. आमच्या हातून किती पत्रांची तिकिटं गेली याचा हिशोब नाही. आंतरदेशीय पत्र २ ऑक्टोबर १९५० ला आलं, ती निळी घडी तर घरोघरी. पण मला सांगायचंय ते आईबद्दल.

आई निरक्षर होती. मोठी बहीण लग्न होऊन विदर्भात गेली. आमच्या चाळीत एक काकू सगळ्यांची पत्रं लिहून द्यायच्या. आई समोर बसून सांगायची, त्या लिहायच्या. 'चि. सौ. हिस अनेक आशीर्वाद, येथील सर्व क्षेम.' मायना अगदी बिनचूक. पण आईला जे विचारायचं होतं ते काकूंच्या देखत विचारता यायचं नाही. सासू जाच करते का, पोटभर खायला मिळतं का, पाळी चुकली का. हे मधल्या माणसाला कसं सांगणार? मग सगळं क्षेम.

आई बेचाळिसाव्या वर्षी लिहायला शिकली. माझ्या धाकट्या भावाच्या पाटीवर, दुपारी, दार लावून. दीड वर्ष लागलं. तिचं पहिलं पत्र बहिणीने जपून ठेवलंय, मी पाहिलंय. पाच ओळी. दोन शब्दांत जागा सोडायची असते हे तिला कोणी सांगितलं नव्हतं, त्यामुळे सगळी ओळ एकसलग. वर श्री नाही, मायना नाही, शेवटी कळावे-लोभ असावा नाही. 'खरंकायतेलिही' एवढं पहिल्या ओळीत. बहिणीने उलट टपाली चार पानं लिहिली. त्यानंतर महिनाभरात वडील जाऊन तिला माहेरी घेऊन आले.

आमच्याकडे कोपरा फाडलेलं कार्ड, म्हणजे मरणाची खबर, आलं की वाचायच्या आधीच रडारड सुरू व्हायची. ते एक सोडलं तर टपालाची भीती नव्हती, वाट पाहणं होतं.

मनवा

काका, 'खरंकायतेलिही' वाचून डोळे भरले. अजून काही लिहायला सुचत नाही.

बोरू

धागा उशिरा पाहिला. गोदातीर, तुमच्या पणजोबांच्या नोंदीबद्दल. मी मोडी शिकतो. मोडीत आधी पूर्ण ओळीची शिरोरेषा एका दमात आखून घेतात आणि मग अक्षरं तिला लटकवत, लेखणी शक्य तितकी न उचलता लिहीत जातात. त्यामुळे अक्षरात माणसाची घाई, थकवा, सवय सगळं उतरतं. शाळेतून आणि सरकारी दप्तरातून मोडी १९५० च्या आसपास गेली. आपल्या घरोघरी कागद आहेत आणि वाचणारं कोणी नाही. गुरुजींना मोडी वाचता येते म्हणजे तुम्ही भाग्यवान. पुन्हा जाल तेव्हा ती नोंद सावकाश वाचून घ्या आणि देवनागरीत उतरवून आणा. स्वतःच्या हाताने उतरवा. पणजोबांचं एक-एक अक्षर आधी ओळखावं लागेल, त्यात त्यांच्याशी थोडी गाठ पडते. सरावाला याहून चांगला मजकूर मला सुचत नाही.

बसायला शांत जागा हवी असेल तर सावानात, म्हणजे सार्वजनिक वाचनालय नाशिकमध्ये, जा. १८४० पासूनचं वाचनालय आहे. सकाळी टेबलं मोकळी असतात.

गोदातीर (धागाकर्ता)

सगळ्यांचे आभार मानायला आलोय. आणि हिशोब द्यायला.

आज एकोणिसावा दिवस. पहिले सहा दिवस फक्त दांडे आणि गोल, फळ्यासमोर यांनी सांगितलं तसे. दुरेघी वही. पेन मेन रोडवरून आणलं. दुकानदाराने निब पाण्याने धुऊन, फडक्याने पुसून, शाई भरून दिली आणि म्हणाला, आधी आठ आकडा काढून बघा. काढला. निब कागदावर सरकली तेव्हा अंगठा दाबायला गेला आणि दाबायची गरज नव्हती. हात हलका झाला तो तिथेच, काउंटरपाशी. कोपरापासून हात सरकवायचं अजून दर तिसऱ्या ओळीला विसरतो. पण ओळ आता उतरत नाही.

सातव्या दिवसापासून मजकूर. काय लिहावं कळेना, म्हणून वडिलांबद्दल आठवेल ते लिहितोय. टाइप करताना मी वाक्य लिहितो, पुसतो, पुन्हा लिहितो आणि शेवटी जे उरतं ते फार शहाण्यासारखं असतं. हाताने तसं होत नाही. लिहिलं ते राहतं. परवा एक वाक्य लिहिलं, 'शेवटच्या आठवड्यात मी रोज दवाखान्यात होतो.' मग थांबलो. रोज नव्हतो. दोन दिवस ऑडिट होतं म्हणून गेलो नव्हतो. 'रोज' वर रेघ मारली. ती रेघ आता तिथे आहे. बॅकस्पेस असता तर मी तो शब्द गुपचूप काढला असता आणि विसरलोही असतो. मला ती रेघ तिथे हवी आहे.

बोरू, रविवारी गुरुजींकडे जाऊन आलो. पणजोबांची नोंद तीन ओळींची आहे. ते पायी आले होते, सोबत दोन भाऊ आणि एक 'पोर'. ते पोर म्हणजे आजोबा असावेत, गुरुजींचाही तसाच अंदाज. मी दुरेघी वहीत उतरवून घेतलं. निघताना त्यांनी माझी फेब्रुवारीतली नोंद पुन्हा उघडून दाखवली. मी म्हटलं, खाली पुन्हा नीट लिहू का? ते म्हणाले, नको, त्या दिवशीचं त्या दिवशीचंच राहू द्या.

जेलरोडकर काका, तुमच्या आईंची गोष्ट बायकोला वाचून दाखवली. आमची मुलगी पुण्यात असते, रोज फोन होतो. तरी तिला पत्र टाकलंय. मायना लिहिलेला नाही.

काल १३ मार्च. सकाळी पोळ्या चालू असताना गॅस गेला. नवा लावला, साबणाचं पाणी लावून बघितलं, आणि बायकोने न बोलता खिडकीतलं पेन माझ्या हातात दिलं. कालनिर्णयची पानं मागे उलटून २० जानेवारी बघितला, बोटांवर दिवस मोजले. मग १३ तारखेच्या चौकटीत लिहिलं: 'सिलिंडर लावला. मागचा ५२ दिवस.'